सेलेनियमाची आवक आणि जावक

आमच्या पिंपळगाव रेणुकाईस मिरचीचा मोठा बाजार आहे. हंगामात आज आवक किती झाली हे पोराटोरांसही ठाऊक असते. जावक किती, हे व्यापाऱ्यावाचून कोणी विचारीत नाही. अन्नाविषयीही आपली वृत्ती अशीच. पोटात काय गेले ह्याची चर्चा घरोघर चालते. ते बाहेर कसे पडते, ह्याचा उच्चारही शिष्टसंमत नाही. तथापि त्या अज्ञानापायी एका मुलीचे लग्न मोडण्याची वेळ आलेली आम्ही पाहिली, म्हणून संकोच सोडून लिहितो.

आमच्या भोकरदन तालुक्यास लागूनच बुलढाणा जिल्हा आहे. त्यातील शेगाव तालुक्यात डिसेंबर 2024 च्या अखेरीपासून बोंडगाव, कालवड, हिंगणा इत्यादी गावांतील माणसांचे केस अकस्मात गळू लागले. प्रथम डोके खाजे, आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडे. पाण्यापासून बुरशीपर्यंत नाना तर्क झाले. आमच्या परिचयातील एका घरी तिकडच्या मुलीची बोलणी चालली होती. ती ‘घरात रोग येईल’ ह्या भीतीने थांबली. मुलीचा स्वतःचा एक केसही गळाला नव्हता. केवळ गावाचे नाव भोवले!

पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी ह्या प्रकरणाचा शोध घेतला. विंचूदंशावरील संशोधनाने ख्याती पावलेले हे गृहस्थ मूळचे आमच्याच जालना जिल्ह्यातील देहेडचे. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम नेहमीच्या सुमारे 35 पट, मूत्रात 60 पट आणि केसांत 150 पट आढळल्याचे त्यांनी जाहीर केले. शिधावाटपाच्या दुकानांतील गहू त्यास कारण, असे त्यांचे प्रतिपादन. त्या गव्हात किलोमागे 14.52 मिलिग्रॅम सेलेनियम निघाल्याचे प्रसिद्ध झाले आहे. पाव किलो पिठाच्या पोळ्या खाणाऱ्याच्या पोटात त्या हिशेबाने दिवसास 3,630 मायक्रोग्रॅम जाणार. आपल्याकडील आहारतज्ज्ञ प्रौढास 40 मायक्रोग्रॅम पुरेसे मानतात, आणि अमेरिकेत 400 ही वरची मर्यादा धरतात. शाळेत त्रैराशिक शिकविताना असे विलक्षण उत्तर आले असते, तर उदाहरणच चुकले असे आम्ही म्हटले असते.

सेलेनियम हे गंधकाच्या कुळातील मूलद्रव्य. 1817 साली स्वीडनच्या बर्झेलियसने ते शोधले व त्यास ग्रीकांच्या चंद्रदेवतेचे नाव दिले. ते सर्वस्वी विषच आहे असे मात्र नव्हे. चीनमधील केशान परगण्यात ह्याच्या अभावी लोकांची हृदये दुर्बल होत.

गव्हात ते बहुतांशी सेलेनोमेथिओनीन ह्या रूपाने असते. प्रथिनांच्या घडणीत लागणाऱ्या मेथिओनीनमधील गंधकाच्या जागी सेलेनियम बसले की हा पदार्थ होतो, आणि शरीरास दोहोंतला भेद कळत नाही. व्याकरणात आदेश हा स्थानिवत् मानतात, तसाच हा व्यवहार! लहान आतडे त्यातील 90 टक्क्यांहून अधिक भाग शोषून घेते. गरज आहे की नाही, हे पाहत नाही. शोषलेल्यापैकी काही भाग स्नायूंच्या प्रथिनांत जाऊन बसतो. उरलेला यकृतात येतो. यकृत त्यापासून एक वाहक प्रथिन बनवून मेंदू, वृषण इत्यादी अवयवांस त्यांचा वाटा पोहोचविते, आणि जे अधिक ठरेल त्यास शर्करेची जोड देऊन मूत्रपिंडांकडे धाडते. आहार तुटपुंजा असला तर मूत्रातील प्रमाण घटते, विपुल असला तर वाढते. थोडक्यात, वेशीवर पहारेकरी नाही. सारी मदार जावकेवर. काही अंश पित्तातून मळावाटे जातो. आवक फारच झाली तर एक वायुरूप संयुग श्वासावाटे निघू लागते व त्यास लसणासारखा दर्प येतो. ज्या घरात लसूण वर्ज्य, तेथेही हा दर्प यावयाचा!

तेव्हा मूत्रातील ते 60 पट सेलेनियम म्हणजे मूत्रपिंडे आपले काम जिवापाड करीत असल्याचीच साक्ष होती. काम पुरे पडेना, एवढेच. केस गंधकयुक्त प्रथिनांचे असतात. त्या गंधकाची जागा सेलेनियमाने घेतली की त्यांची बळकटी जाते, असे एक संभवनीय कारण सांगतात.

त्या घरच्या वडीलधाऱ्यांस आम्ही एवढेच विचारले, की मूलद्रव्यास पिले होतात काय? जंतू एकाचे दहा होतात. सेलेनियम जेवढे खाल्ले तेवढेच, आणि रोज थोडे थोडे बाहेर जाणारे. ते स्पर्शाने सुनेसोबत येईल कसे? बोलणी वैशाखात पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात त्या मुलीच्या आईने काय सोसले असेल, ते तिचे तिलाच ठाऊक.

आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, गहू चार पाण्यांनी धुतला तर? उपयोग नाही. हे सेलेनियम दाण्यावरची धूळ नव्हे. मुळांनी जमिनीतून ओढून दाण्याच्या प्रथिनांतच ते गुंफलेले असते. गहू बदलणे हाच उपाय. गहू बदलल्यावरही स्नायूंत बसलेला साठा एकदम सुटत नाही; प्रथिने झिजतील तसतसा तो रक्तात येतो आणि मूत्रमार्गे जातो. ह्यास कित्येक महिने लागतात. एप्रिल 2025 मध्ये त्याच गावांतून नखे गळत असल्याच्या वार्ता आल्या, तेव्हा पुष्कळांस वाटले की ही नवीन साथ. परंतु बोटाचे नख महिन्यास सुमारे 3 मिलिमीटर वाढते. मुळाशी हिवाळ्यात घडलेला भाग टोकाकडे सरकेपर्यंत उन्हाळा उजाडणारच.