बोटभर तार

आमच्याकडे 'बॉयलर' म्हटलं की आधी कोंबडी आठवते. गावठी नव्हे ती बॉयलर. घर उबदार ठेवणाऱ्या यंत्रालाही बॉयलर म्हणतात, हे मला स्विंडनला जाईपर्यंत केवळ वाचून ठाऊक होतं. इंग्लंडमधलं हे शहर गोंयकारांना नवं नाही. पोर्तुगीज पासपोर्ट करून गेलेल्यांची तिथे मोठी वस्ती आहे आणि माझी ताई व भावोजी त्यांतलेच. 2023 च्या जानेवारीत अर्जित रजा आणि परदेशी जाण्याची परवानगी असे दोन्ही कागद हातात पडले (दुसरा कागद कसा मिळवला, तो वेगळ्या लेखाचा विषय) आणि मी तिथे पोचलो. नेमका त्याच आठवड्यात ताईच्या घरचा जुना बॉयलर बदलला होता.

तिकडे गॅसच्या कामाला 'गॅस सेफ' नोंदणी असलेलाच माणूस लागतो. तसा माणूस आला, त्याने नवा बॉयलर चोख बसवला. पण भिंतीवरचा जुना स्मार्ट थर्मोस्टॅट काही तो जोडेना. "ह्याला तो चालणार नाही, आमच्याकडचा नवा घ्या," एवढं सांगून तो निघून गेला.

ताईला ते पटेना. तो थर्मोस्टॅट तिने 2017 साली हौसेने घेतला होता. भावोजींच्या गोदामातल्या रात्रपाळ्या, तिची पहाटेची नोकरी, सासूबाईंच्या उठण्या-झोपण्याच्या वेळा, सगळं घर त्यात भरलेलं होतं. आणि प्रश्न हौसेचा राहिला नव्हता. थर्मोस्टॅट नाही म्हणून बॉयलर आपला चालूच. मध्यरात्री वरच्या खोलीची भट्टी व्हायची, मग कुणीतरी खाली जाऊन तो बंद करायचा, की पहाटे चारला म्हातारीचे पाय बर्फासारखे. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. दोन रात्री असं झालं. गॅसच्या बिलाची धास्ती होती ती वेगळीच.

मी कला शाखेचा, विजेचं मला काय कळणार! पण माहितीपुस्तिका वाचता येते. इतकी वर्षं सरकारी परिपत्रकं वाचणाऱ्याला तर ती भाषा फारच सोपी वाटली. त्यातून कळलं ते असं. भिंतीवरचा थर्मोस्टॅट स्वयंपाकघरातल्या एका डबीला, म्हणजे रिसीव्हरला, बिनतारी निरोप देतो. मोबाईल, वेळापत्रक, सगळी हुशारी वरच्या वर. शेवटी त्या डबीत एक साधा स्विच आहे. ऊब हवी असेल तर दोन टोकं जुळतात, नको असेल तर सुटतात. फाईल कितीही जाड असो, साहेबांचा शेरा 'होय' किंवा 'नाही', तसंच. म्हणजे थर्मोस्टॅट चालेल की नाही हा प्रश्नच नव्हता. नव्या बॉयलरला तो होकार कोणत्या रूपात हवा, हा होता.

जुन्या बॉयलरला होकार म्हणजे 230 व्होल्ट वीज. त्यासाठी डबीच्या आत 'एल' पासून 'कॉम' पर्यंत बोटभर तारेचा तुकडा जोडलेला होता. नव्याला बाहेरची वीज मुळीच नको. त्याच्या स्वतःच्या 24 व्होल्टच्या दोन तारा फक्त एकमेकींना जुळवून द्यायच्या. जुना तुकडा तसाच ठेवून जोडणी केली असती तर 230 व्होल्ट थेट आत शिरून बोर्ड जळाला असता. नवाकोरा बॉयलर, तोही थंडीच्या ऐन भरात!

भावोजींच्या ओळखीचा एक म्हापशाकडचा इलेक्ट्रिशियन आला. आधी त्याने बॉयलरचा पुरवठा बंद केला, फ्यूज काढून खिशात टाकला, टेस्टर लावून पाहिला. डबी उघडली आणि म्हणाला, "ही तार पयलीं काडूंक जाय." मला काय आनंद झाला सांगू!

मग बॉयलरची वायरिंगची पेटी. गॅसच्या बाजूला त्याने बोटही लावलं नाही. या पेटीत कारखान्यातूनच आलेला दुसरा एक तुकडा होता, थर्मोस्टॅट नसला तरी बॉयलर चालावा म्हणून. दोन रात्रींची भट्टी त्याचीच. तोही काढला. त्या जागी डबीच्या 'कॉम' आणि 'एन.ओ.' मधून आलेल्या दोन तारा. डबीचा स्वतःचा पुरवठा होता तिथेच राहिला. सगळं मिळून अर्धा तास.

काम झाल्यावर चहा पिताना तो म्हणाला, हा थर्मोस्टॅट फक्त हो-नाही बोलतो. 'ओपनथर्म' ही भाषा जाणणारा असता तर किती आच हवी तेही त्याने सांगितलं असतं. हे मला चटकन कळलं, कारण आमच्या न्हाणीत तांब्याचं भाण होतं. पाणी कढत झालं म्हणून आजी कधी चूल विझवत नसे. लाकूड वीतभर मागे ओढायची, माणसं न्हायला आली की पुन्हा आत सारायची. विझवून पुन्हा पेटवण्यात धूरच जास्त.

तेवढ्यासाठी नवा थर्मोस्टॅट घेणं मात्र मला पटलं नाही, ताईलाही नाही. त्याऐवजी भावोजींनी बॉयलरवरचं रेडिएटरच्या पाण्याचं तापमान 75 वरून 60 अंशांवर आणलं. या नव्या बॉयलरांची गंमत अशी की परतणारं पाणी साधारण 55 अंशांच्या खाली असलं तरच बाहेर जाणाऱ्या धुरातल्या वाफेचं पाणी होतं आणि तिची उष्णता घराला मिळते. खोली तापायला थोडा वेळ जास्त लागतो, एवढंच. त्या रात्री कुणाला खाली जावं लागलं नाही.

दोन्ही काढलेले तुकडे मी एका पाकिटात घातले. कुठला तुकडा कुठून काढला, कोणत्या तारखेला, कोणती तार कुठे गेली, हे लिहून पाकीट कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. पुढे कुणी थर्मोस्टॅट बदलायला आला तर त्याला आधीचा कागद मिळायला हवा. ताई म्हणाली, "अरे, इथे मराठी कोण वाचणार?"

मग खाली इंग्रजीतही लिहिलं.