टायरवर कंजुषी नको, असं मी म्हणत असे

आमच्या बे एरियातल्या मराठी गोतावळ्यात मोटारींचं वेड असलेले आम्ही मोजकेच, आणि त्यात माझं एक मत सगळ्यांना पाठ झालं होतं. इंजिनावर वाचवा, रंगावर वाचवा, पण टायरवर कंजुषी नको. ट्रॅकवर जायचं तर नियमात बसेल तो सगळ्यात चिकट टायर घ्यायचा. कारण विचारलं तर मी तळहात पुढे करायचो. गाडी केवढीही असो, रस्त्याला टेकतं ते चार तळहातांएवढं रबर. ब्रेक, स्टिअरिंग, इंजिनाची ताकद, सगळं शेवटी तिथूनच रस्त्यावर उतरतं. हे भौतिकशास्त्र मला आजही मान्य आहे. त्यातून काढलेला खरेदीचा सल्ला मात्र आता मी देत नाही.

निमित्त झालं ‘ट्वेंटी-फोर अवर्स ऑफ लेमन्स’चं. फ्रान्समधल्या ल मान्सच्या थोर चोवीस तासांच्या शर्यतीची ही थट्टा. जे लॅम नावाच्या मोटार-पत्रकाराने २००६ साली कॅलिफोर्नियात ती सुरू केली. अट अशी की गाडी पाचशे डॉलरांपेक्षा जास्त किमतीची नको. गाडी महाग वाटली तर परीक्षक शर्यतीआधीच काही फेऱ्या वजा करतात. नाव चोवीस तासांचं असलं तरी बहुतेक ठिकाणी शर्यत शनिवार-रविवारी दिवसाउजेडी चालते आणि चालक आलटून पालटून बसतात. सुरक्षेचा खर्च मात्र त्या पाचशेत धरत नाहीत. उलटल्यावर छत चेपू नये म्हणून लावायचा लोखंडी पिंजरा, सीट, पट्टे, ब्रेक, आणि टायरसुद्धा. थोडक्यात, टायरवर किती उधळायचे याला नियमाची आडकाठी नाही. आडकाठी एकच: टायरवरचा झिजेचा आकडा, म्हणजे ‘ट्रेडवेअर’, १९० किंवा त्याहून जास्त हवा.

नव्वदच्या दशकातली एक टोयोटा कोरोला आम्ही घेतली. कॅलिफोर्नियाच्या उन्हाने तिचं बॉनेट पांढरं पडलं होतं. या गाडीच्या नशिबी चौदा इंची चाकं, आणि त्या मापात शर्यतीजोगे टायर शोधणं म्हणजे वणवण. पंधरा इंचीत मात्र २०५/५०-१५ या मापात भरपूर निवड, भावही आवाक्यात, कारण माझदाची मियाटा पळवणारे हजारो हौशी हेच माप वापरतात. शिवाय कोरोलाचे चार बोल्ट आणि मियाटाचे चार बोल्ट एकाच मापाच्या वर्तुळावर बसतात, त्यामुळे जुनी अलॉय चाकं स्वस्तात मिळाली. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. चार नवे टायर गाडीपेक्षा महाग पडणार हे कळल्यावर मतभेद सुरू झाले.

मी अर्थातच चिकट टायरच्या बाजूने. माझा सगळा डोलारा त्या झिजेच्या आकड्यावर उभा होता. कमी आकडा म्हणजे मऊ रबर, मऊ रबर म्हणजे जास्त पकड. म्हणून १९०च्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं. टायरवर सरकारी पद्धतीने छापलेला आकडा आहे म्हटल्यावर मी त्याच्याकडे थर्मामीटरच्या पाऱ्याकडे बघावं तसं बघत होतो. मग हा आकडा येतो कुठून हे एका रात्री बसून वाचलं.

पश्चिम टेक्सासात सॅन अँजेलो गावाच्या आसपास चारशे मैलांचा, म्हणजे सुमारे ६४० किलोमीटरचा एक ठरलेला सार्वजनिक रस्ता आहे. तपासायचे टायर आणि तुलनेसाठी ठेवलेले प्रमाण टायर लावून गाड्यांचा ताफा त्यावर एकूण ७,२०० मैल फिरवतात. अधूनमधून खाचांची खोली मोजतात आणि झिजेच्या वेगावरून पुढचा अंदाज बांधतात. प्रमाण टायरला १०० धरलं तर दुप्पट टिकणारा २००. आकडा छापते मात्र कंपनी, सरकार नव्हे. कंपनीने चाचणीत निघाला त्यापेक्षा जास्त छापायचा नाही, कमी छापला तर कुणी अडवत नाही. आणि मोजली जाते ती हमरस्त्यावर सरळमार्गी चालताना होणारी झीज. वळणात टायर किती धरतो याचा या आकड्याशी थेट संबंध नाही. शेजारचं पकडीचं अक्षर बघावं, तर तेही ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावून ठरवलेलं.

यात आणखी एक गंमत आहे. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेने शंकू मांडून घेतल्या जाणाऱ्या ऑटोक्रॉस शर्यतींत रस्त्यावरच्या टायरांच्या वर्गांसाठी किमान २०० ही मर्यादा घातली आहे, आणि इतर अनेक क्लबांनीही तोच आकडा धरला आहे. त्यामुळे बाजारात ‘२००’ छापलेल्या टायरांची गर्दी आहे. त्यातले काही जवळजवळ शर्यतीचेच, पटकन चिकटणारे आणि तेवढ्याच लवकर संपणारे. काही मात्र हॅन्कूकच्या व्हेंटस आरएस-४ सारखे, दीर्घ पल्ल्याच्या हौशी शर्यतींत टिकाऊपणासाठी नावाजलेले. आकडा एकच, स्वभाव दोन टोकांचे. माझा पारा इथेच पडला.

तरीही मी हटलो नव्हतो. ठीक आहे, आकडा सोडा, म्हटलं. २०० वाल्यांतला सगळ्यात वेगवान कोणता तो घेऊ. त्यावर आमच्या चमूतल्या मूळच्या कोल्हापूरच्या मेकॅनिकल इंजिनिअर बाईंनी, ज्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो, शांतपणे विचारलं, “टायर धरतील रे, पण ऑइल कुठं जाईल?”

हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. साध्या गाडीच्या इंजिनात ऑइल खालच्या तसराळ्यात साठलेलं असतं आणि पंपाची नळी त्यात बुडालेली असते. कंपनीने ही रचना केलेली असते ती ऑफिसला जाणाऱ्या माणसाच्या वळणांसाठी. टायरने जितकी जास्त पकड दिली तितकं ऑइल जोरात एका बाजूला ढकललं जातं, आणि वळण लांब असेल तर नळीचं तोंड उघडं पडून पंप हवा ओढतो. बेअरिंग कोरडी पडायला काही सेकंद पुरतात. आमची शर्यत विलोजजवळच्या थंडरहिल ट्रॅकवर होती. तिथलं दुसरं वळण डावीकडे घेतलेलं, लांबच लांब, संपता न संपणारं. चिकट टायर घेऊन आमची म्हातारी कोरोला दोन दिवस तिथे फिरवायची म्हणजे दर फेरीला इंजिनाची परीक्षा. “मग तसराळ्यात आडव्या पट्ट्या जोडू, ऑइल हलणार नाही,” मी म्हटलं. “जोड की,” ताई म्हणाल्या. “मग चाकांची बेअरिंग बघ. मग सस्पेन्शनची रबरं बघ. टायरपास्नं सुरुवात केलीस की सगळी गाडी बदलावी लागतीया.”

टायर हा गाडीचा एक सुटा भाग आहे आणि तो जितका चांगला तितकी गाडी चांगली, असं मी धरून चाललो होतो. खरं तर टायर बाकीच्या सगळ्या भागांना काम लावतो. स्वस्त गाडीत ते काम झेपणारे भाग नसतात. एवढी साधी गोष्ट मला माझ्या तळहाताच्या प्रात्यक्षिकात दिसली नाही, कारण तो हात मी कायम रस्त्याकडे दाखवत होतो, गाडीकडे नाही.

शेवटी आम्ही टिकाऊ टायरच घेतले. माझी उरलेली खुमखुमी सरावाच्या दिवशी जिरली. एका मित्राने मियाटाची चिकट टायरवाली चाकं उसनी दिली होती. ती आणि आमचे टिकाऊवाले, दोन्ही आलटून पालटून लावून पाहिले. चिकट टायरवर मी नक्कीच वेगात होतो. पण टायर शेवटपर्यंत गप्प राहायचे आणि सुटले की एकदम सुटायचे, तेही अशा वेगात की नवख्या हातांना सावरायला सवड नाही. टिकाऊवाले आधीपासून कुरकुरायचे, मग किंचाळायचे, मग हळूहळू घसरायचे. मर्यादा कुठे आहे हे मला त्या दिवशी कानाने कळलं. कसलेला चालक चिकट टायरवरही हे ओळखतो, याबद्दल वाद नाही. पण मी कसलेला नव्हतो आणि शर्यत पहिलीच होती.

लेमन्समध्ये मर्यादा ओळखता येण्याला रोख किंमत आहे. गाडी गरकन फिरली, चारही चाकं डांबराबाहेर गेली किंवा कुणाला घासली, की काळा झेंडा. आत यायचं, परीक्षकांपुढे उभं राहायचं, बोलून घ्यायचं. थंडरहिलची फेरी आमच्या गाडीने अडीच मिनिटांच्या आसपास. चिकट टायरने फेरीमागे दोन सेकंद मिळतील असं धरलं, तर तासाला पन्नासेक सेकंद, आणि सहा तास बिनचूक चालवून पाच मिनिटं. एका काळ्या झेंड्यात ती सहज जातात. ही बेरीज कागदावर मांडली तेव्हा चिकट टायरच्या बाजूने बोलायला मीही उरलो नाही.

मात्र इथून काही जण “म्हणजे काहीही चालतं” या टोकाला जातात, ते मला मुळीच पटत नाही. आमच्यातल्याच एकाने सुचवलं होतं की भंगारवाल्याकडून खाचा भरपूर शिल्लक असलेले जुने टायर आणू. गावाकडे एसटीच्या चाकांना रिमोल्ड चढवून वापरतातच की, हा त्याचा दाखला. पण रिमोल्डमध्ये निदान वरचा थर नवा असतो, इथे तर सगळाच माल जुना. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रबर नुसतं पडून पडूनही कडक होतं, आणि खाचांची खोली ते सांगत नाही. तसेच पाऊस-बर्फ-ऊन सगळ्याला चालणारे, पाचशे आकड्याचे घरगुती टायर. त्यांच्या नक्षीत बारीक चिरा असतात, ठोकळे उंच आणि लवचीक. ट्रॅकवर ते ठोकळे वाकून वाकून तापतात आणि तुकड्यातुकड्याने निखळतात. विलोजला उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, तिथे तर बोलायलाच नको.

टायरवर वाचलेल्या पैशातून ब्रेक पॅड, जास्त तापमानाला न उकळणारं ब्रेक ऑइल आणि एक बरा हवामापक आला. हा हवामापक मला सगळ्यांत जास्त शिकवून गेला. टायर तापला की हवेचा दाब वाढतो, दर साडेपाच अंश सेल्सिअसला साधारण एक पीएसआय, त्यामुळे सकाळी गॅरेजमध्ये भरलेला आकडा दुपारी निरर्थक. आम्ही थंड असताना अठ्ठावीसला सुरू करायचो आणि गाडी आत आली की गरम असतानाच मोजायचो. टायरच्या खांद्यावर खडूची रेघ ओढायची. रेघ खूप खालपर्यंत पुसली गेली तर टायर कुशीवर लोळतोय, हवा वाढवा. मुळीच पुसली नाही तर कमी करा. खडूला काहीच पैसे पडत नाहीत.

शर्यतीत आमचा उजवा पुढचा टायर बाहेरच्या कडेने सगळ्यांत जास्त खाल्ला गेला. पुढच्याच चाकांना ओढायचंही आणि वळायचंही असतं, वर थंडरहिलची लांब वळणं डावीकडची. पुढची चाकं वरून आत कलती ठेवली असती तर झीज सारखी पसरली असती, पण मूळ सस्पेन्शनमध्ये तेवढी सोय नव्हती. मग रिमवरून काढून टायर उलटे चढवले आणि तीच जोडी पुढच्या शर्यतीलाही गेली. रविवारी दुपारी शेवटच्या तासाला गाडी माझ्या हातात होती, आणि टायर शनिवारी सकाळी जेवढे कुरकुरत होते तेवढेच कुरकुरत होते. निकालात आम्ही बऱ्याच खाली होतो.

आता कुणी पहिल्या शर्यतीसाठी विचारलं तर आधी मी विचारतो: कोणती शर्यत? मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू मांडून एका मिनिटाची ऑटोक्रॉस असेल, तर माझं जुनं मत तिथे अजून लागू आहे. तिथे ऑइल बाजूला सरकून राहील इतकं लांब वळण नसतं, टायर झिजायला वेळ नसतो, चूक झाली तर एखादा शंकू पडतो, आणि थंडपणीच धरणारा टायर लागतो. त्यासाठी गॅरेजमध्ये चिकट टायरांचा एक संच मी काळ्या पिशव्यांत बांधून ठेवलाय. ताईंना तो ठाऊक आहे, आणि पुढच्या महिन्यात त्या तो मागून नेणार आहेत.