तारमास्तर मुसंदममध्ये

हे लिहायचं बरेच दिवस राहिलं होतं. २०१९च्या जानेवारीत मी दुबईत ऑनसाईट होतो आणि बाबा पंधरा दिवस राहायला आले होते. मॉल बघून ते दोन दिवसांत कंटाळले. मग एका शुक्रवारी गाडी काढली आणि रास-अल-खैमा ओलांडून ओमानच्या मुसंदममध्ये, खसबला गेलो. मुसंदम म्हणजे ओमानचा मुख्य देशापासून तुटलेला तुकडा. मध्ये अमिराती, समोर होर्मुझची सामुद्रधुनी.

खसबच्या बंदरातून 'धाऊ' निघते. गलबताच्या घाटाची लाकडी बोट, वर गालिचे नि लोड, शिडाऐवजी डिझेल इंजिन. बाबांनी बसण्याआधी फळीवरून हात फिरवला. "साग का रे?" असावा. अरबांच्या बोटींना मलबारी साग शतकानुशतकं जातोय, केरळातल्या बेपूरला तर अख्ख्या धाऊ बांधतात. आपला नाखवाही फारसीतल्या नाखुदावरूनच आलाय.

खोर शम ही सोळा-सतरा किलोमीटर लांब खाडी. दोन्ही बाजूंना चुनखडीचे डोंगर थेट पाण्यात उतरलेले. झाड नाही, गवत नाही. टूरवाले याला 'अरबस्तानचं नॉर्वे' म्हणतात, पण इथे हिमनदीचा काही संबंध नाही. अरबी प्लेट युरेशियाच्या खाली सरकतेय, त्यामुळे हे टोक खचत गेलं आणि दऱ्यांमध्ये समुद्र शिरला. पायथ्याशी चार-दोन घरांची गावं. रस्ता नाही, पिण्याचं पाणीसुद्धा बोटीनं येतं. मध्येच खलाशानं शिट्टी मारली आणि डॉल्फिन आले. सगळे कॅमेरे घेऊन एका बाजूला. बाबा सोडून. ते समोरच्या खडकाकडे बघत होते.

तो टेलिग्राफ आयलंड. १८६४ मध्ये ग्वादरहून इराकमधल्या फावकडे समुद्राखालून तारेची केबल टाकली, तिचं एक ठाणं इथे होतं. लंडन-हिंदुस्थान निरोप या खडकावरून जायचे. उन्हाळ्यात तापलेले डोंगर, आजूबाजूला कुणी नाही. काही वर्षांतच ठाणं बंद झालं. आता पायऱ्या आणि पडके चौथरे उरलेत.

बाबांची सगळी नोकरी तार ऑफिसात गेली. १४ जुलै २०१३ला देशातल्या शेवटच्या तारा घेतल्या, तेव्हा मी रिलीजच्या गडबडीत होतो. रविवार असूनही ऑफिसात. बातमी वाचली, पण घरी फोन केला नाही. नंतरही तो विषय काढला नाही. काय बोलणार, कप्पाळ!

इथे मोबाईलला रेंज नव्हती. मी बाबांच्या शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, "बाबा, तार बंद झाली तेव्हा मी फोन करायला हवा होता."

"तुला काम होतं," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "आईनं शिरा केला होता त्या दिवशी. कुणाला गेला नाही."

त्यांची बोटं कठड्यावर वाजत होती. कट्ट, कडकट्ट.

"काय पाठवलंत?"

"बदलीचा अर्ज," बाबा म्हणाले. "इथे कोण राहतंय!"

खसबजवळ रेंज आली आणि फोनवर चाळीस-एक मेल धडाधड पडले. बाबांनी विचारलं, "अर्जंट आहे का काही?"

एक होता. मी फोन खिशात ठेवला आणि त्यांना ग्वादरची केबल कशी टाकली असेल ते विचारत बसलो.