डेअरीला घातलेलं दूध

शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंत मी एका पायानं अनवाणी चालत आले आणि मला ते कळलंच नाही. पाचवीतली एक मुलगी मागून धावत आली. "बाई, तुमची चप्पल." मी ती पायात सरकवली आणि हजेरी घेतली. मधल्या सुट्टीत मात्र धस्स झालं. मैदानातली खडी पायाला टोचली कशी नाही?

सहा-सात महिने बारीकसारीक काही ना काही चाललंच होतं. जिभेची आग व्हायची, नेहमीची आमटीही सोसेना. जिना चढला की दम लागायचा. मुलांची नावं ओठावर येऊन अडायची. माझं वय बावन्न, त्यात आठ वर्षांचा मधुमेह. मी सगळ्याचं खापर वयावर आणि साखरेवर फोडलं होतं. अशक्तपणा जावा म्हणून लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्याही मनानंच घेत होते.

डॉक्टरांनी एक धातूचा चिमटा वाजवून माझ्या घोट्यावर टेकवला. "थरथर जाणवते?" मला काहीच जाणवत नव्हतं. मग पाय जुळवून उभं राहून डोळे मिटायला सांगितलं. डोळे मिटताच माझा तोल गेला. नर्सनं धरलं म्हणून सावरले. रक्ताच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ११.४ होतं, म्हणजे फार वाईट नव्हतं. पण तांबड्या पेशी आकारानं मोठ्या झाल्या होत्या आणि बी-१२ जीवनसत्त्व होतं ९६. दोनशेच्या खाली गेलं की कमतरता धरतात.

"मांसाहार करता?"

"नाही. माळकरी घर आमचं."

"मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किती वर्षं?"

"आठ."

त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. बी-१२ कुठल्याही झाडपाल्यात तयार होत नाही. ते जिवाणू तयार करतात आणि आपल्याला मिळतं मांस, मासे, अंडी, नाहीतर दुधातून. यकृतात त्याचा साठा असतो, तो काही वर्षं पुरतो, म्हणून तूट लवकर ध्यानात येत नाही. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतलं की बी-१२ आतड्यातून कमी शोषलं जातं. आणि मी शहाणपणानं घेतलेलं फॉलिक ॲसिड? त्यानं रक्त बरंचसं सावरलं, त्यामुळे तूट झाकली गेली. पण नसांवरचं आवरण झिजतच राहिलं. ते आवरण राखायला बी-१२ लागतं आणि तिथे फॉलिक ॲसिडचा उपयोग नसतो.

"दूध किती घेता?" त्यांनी विचारलं.

"चहापुरतं," मी म्हणाले, आणि म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर आई उभी राहिली.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरी दोन म्हशी होत्या. आई पहाटे धार काढायची आणि चरवी घेऊन डेअरीला जायची. दहा दिवसांनी येणाऱ्या डेअरीच्या पैशांवर आमच्या वह्या, दवाखाना, किराणा चालायचा. घरात ठेवलेलं थोडं दूध भावाला, वडिलांना आणि पाहुण्यांच्या चहाला. त्यातूनच विरजण लागायचं. दही पुरुषांच्या ताटात, आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर आईच्या भाकरीवर उरलं तर पाणी घातलेलं ताक. ती स्वतः कोरा चहा प्यायची. घेवडा, मेथी, माडगं यांची आमच्याकडे कधी वाण नव्हती. पोटभर जेवून उठणाऱ्या बाईला काही कमी पडत असेल, असं कुणाच्या मनात यावं तरी कसं?

साठीनंतर आईचे पाय बधिर झाले. "पायात मुंग्यांचं वारूळ हाय गं," म्हणायची. आम्ही तीळतेल चोळलं, वात म्हटलं, हातात काठी दिली. तिचं रक्त कधी तपासलंच नाही, त्यामुळे तिला तेच झालं होतं असं मी म्हणणार नाही. पण तपासायला हवं होतं, एवढं मात्र शेवटपर्यंत म्हणत राहीन.

माझं निदान झालं त्याच सुमारास माझ्या मुलीला दिवस गेले होते. तिच्यासाठी वाचताना मला पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम कळलं. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. त्या बायकांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश जणींना बी-१२ कमी होतं. फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडचं नैसर्गिक रूप, मात्र पुरेसं होतं. ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त आढळलं. मधुमेहाची वाट तिथूनच सुरू होते. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो, साखरेचा आजार घराण्यात आहे. बायकांच्या ताटात काय पडतं, हेही घराण्यातच चालत आलेलं असतं.

माळ उतरवायची वेळ आली नाही. बी-१२ची गोळी जिवाणूंपासूनच बनते, हे कळल्यावर मनावरचं मोठं ओझं उतरलं. दिवसाची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. एक कप दुधातून त्यातलं साधारण एक मिळतं. माझी तूट मात्र जेवणानं भरून येण्यापलीकडे गेली होती. आधी दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला, अशी ती लाल रंगाची इंजेक्शनं घेतली. तीन आठवड्यांत जीभ निवली. पायांनी आठ महिने घेतले, आणि डाव्या पायाची दोन बोटं अजून परतलेली नाहीत. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला की एवढं राहून जातं. मुलीचं रक्त मात्र तिसऱ्या महिन्यातच तपासलं. तिलाही कमी होतं. तिच्या डॉक्टरांनी लगेच उपचार सुरू केले.

गेल्या दिवाळीत माहेरी गेले. पहाटे अंगणात अनवाणी उतरले, तर सारवणाचा गारवा तळव्याला लागला. मी तिथेच थांबले. गोठ्यातून वहिनी चरवी घेऊन निघाली होती.

"वहिनी, तुझ्यापुरतं काढलंस का?"

"अहो ताई, लिटरामागं पैसे हायेत," ती म्हणाली.

"त्याच पैशांतून उद्या तुला इंजेक्शनं घ्यावी लागली, तर?"

ती क्षणभर उभी राहिली. मग परत स्वयंपाकघरात गेली आणि चरवीतून तांब्याभर दूध ओतून घेतलं. मी तो तांब्या उचलून चुलीवर ठेवला आणि ती डेअरीवरून परत येईपर्यंत तिथेच बसून राहिले.