कसब्यातला समुद्र

पुण्यातल्या कसबा पेठेखालचा काळा कातळ लाव्ह्याचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात सागरी जीवाश्म सापडायचे नाहीत. इथे समुद्र आला तो माणसांच्या हातून: यात्रेच्या गाठोड्यातून, औषधाच्या पुडीतून, कोकणच्या आठवणीतून. वाडे उतरताहेत. त्यांच्यासोबत निघालेल्या वस्तूंची ही नोंद.

शाळिग्राम. ताम्हनात, तुळशीच्या पानाखाली. नेपाळातल्या काली गंडकीच्या पात्रातला काळा गोटा. आत अमोनाइट, लुप्त झालेल्या टेथिस समुद्रातला जीव. वय सुमारे १५ कोटी वर्षं. ज्याला चक्र म्हणून हात जोडतो, ती त्याच्या कवचाची वेटोळी. दख्खनचा लाव्हा वाहत होता, साधारण त्याच काळात अमोनाइटांचा वंश संपला. म्हणजे वाड्याच्या जोत्याच्या दगडाहून आतला देव कितीतरी जुना. भंगला तरी तो पूजेतून काढत नाहीत. पण फ्लॅटमधल्या देव्हाऱ्यात पंचायतन मावत नाही, आणि तो पिंपळाच्या पारावर जातो.

समुद्रफेन. कटलफिशच्या अंगातलं पांढरं, हलकं कवच. काष्ठौषधींच्या दुकानात मिळे. कान वाहू लागला की त्याची पूड आठवे. अमोनाइटांचा हा हयात भाऊबंद.

कवड्या. सारीपाटावर पडत, भुत्याच्या गळ्यात माळ होऊन दारी येत. कधीकाळी त्या चलन होत्या. मालदीवहून भरून येत. पट गेला, घरात चार-दोन उरल्या.

करळ. हा कसब्यातला नव्हे, इथल्या कित्येक घराण्यांच्या मूळ गावचा. कोकण किनाऱ्यावर वाळू नि शिंपले चुन्याने सांधून झालेला खडक, काही हजार वर्षांचा. गडगे, विहिरी त्याच्या बांधल्या. समुद्राची पातळी कुठे होती, हे तो सांगतो. डेक्कन कॉलेजातून १९८० साली स्टॅटिरा गुझदर यांचा कोकणच्या प्राचीन पर्यावरणावरचा ग्रंथ निघाला. तरी या खडकाकडे अजून फार थोड्यांचं लक्ष आहे. आता गडगे सिमेंटचे होतात आणि जुना करळ भरावात जातो.

जीवाश्माचं मोल त्याच्या ठिकाणात असतं: कुठला थर, कुठला काठ. शाळिग्रामाचं ते ठिकाण गंडकीनेच पुसलं. उरला घराचा पत्ता: कुणी आणला, कुठल्या यात्रेत, कुणाकडून कुणाकडे आला. तो घरातल्या वडीलधाऱ्यांनाच ठाऊक. देव हलवण्याआधी त्यांना विचारा, कागदावर लिहा आणि तो कागद शाळिग्रामासोबतच राहू द्या.