मामाजींचा काटा

तुमसर रोडला उतरलात म्हणजे तुमसर आलं, असं समजू नका. मुंबई-हावडा मार्गावरचं हे स्टेशन देव्हाडीला, गाव अजून पुढे. मी उतरलो मे महिन्यात, भर दुपारी. एसी ऑफिसवाल्या माणसाला भंडाऱ्याचं ऊन म्हणजे थेट थोबाडीत!

निमित्त मामेबहिणीचं लग्न. तिची हौस काय, तर पाठवणी हेलिकॉप्टरने. पुण्याचा भाचा म्हणून बुकिंग माझ्या गळ्यात. त्यांचा पहिलाच प्रश्न, "प्रत्येकाचं वजन सांगा, सामानासकट." आता नवरीला वजन विचारणार कोण? दिले अंदाजे आकडे ठोकून. वर ऐनवेळी दोन बॅगाही वाढल्या.

दुसऱ्या दिवशी मामाजींबरोबर धान बाजारात गेलो. उन्हाळी धान आलेलं, पोत्यामागून पोतं काट्यावर चढत होतं. आकडा पाहिल्याशिवाय मामाजी वहीत लिहीत नव्हते. मी गमतीत माझे आकडे सांगितले. ते थांबलेच. "काऊन गा, पोतं अंदाजानं घेत नाही आपण, अन् पोरगी अंदाजानं पाठवतोस?"

रात्री झोप कुठली! मोबाइलवर वाचत बसलो. २५ मे २०१७, लातूर जिल्ह्यातलं निलंगा. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उडताच तारांत अडकून कोसळलं. आतले सगळे बचावले. त्या तापमानाला वजन जास्त होतं, असं तपासात पुढे आलं.

हिशेब साधा आहे. ऊन वाढलं की हवा विरळ होते. १५ अंशांच्या मानाने ४५ अंशांना ती सुमारे ९ टक्के हलकी. पंखा तोच, पण त्याला रेटायला हवा कमी. इंजिनाचा दमही कमी. म्हणजे सकाळी सहज उचललेलं वजन दुपारी जड. म्हणूनच उडण्याआधी वजन, इंधन, तापमान आणि आजूबाजूच्या तारा, सगळं तपासायचं असतं.

सकाळी आम्ही सगळे काट्यावर उभे राहिलो. हसत हसत नवरीसुद्धा! माझा अंदाज बॅगा धरून तब्बल ६१ किलोंनी चुकला होता. नवे आकडे कळवले. पाठवणी दुपारऐवजी दुसऱ्या दिवशी पहाटे ठरली, फक्त नवरा-नवरी. करवली आणि बॅगा गाडीने. करवली रुसली, चालायचंच.

पायलटने आधी मशीनभोवती फेरी मारली, मग मैदानाच्या कडेच्या तारा बघून आला. मामाजी सावलीतून बघत होते. म्हणाले, "हा बरोबर माणूस आहे."

तुमसरला गेलात तर चांदपूरचा मारुती बघाच. आणि धान बाजारात पाच मिनिटं काट्याजवळ उभे राहा.