जादूचा जमाखर्च

ज्या मुलाला वाचनाची गोडी लागलेली नाही त्याला पुस्तकापाशी आणून बसवणे कठीण खरेच. परंतु ज्याला ती अशी काही लागली आहे की ताटातली पोळी निवून वातड झाली तरी नजर पानावरून ढळत नाही, त्याला पुस्तके पुरवणे त्याहून कठीण, याचा प्रत्यय आमच्या धाकट्या नातीने मला पुरेपूर आणून दिला आहे. तिला हवे असते ते मंत्रतंत्राचे, उडत्या प्राण्यांचे आणि गुप्त दारांचे. आणि तेही एका पुस्तकात आटोपणारे नव्हे, तर खंडामागून खंड चालणारे, ज्याला ती ‘सिरीज’ म्हणते. अचलपूर-परतवाड्याच्या दुकानांत क्रमिक पुस्तके, गाइड आणि वह्या यांना तोटा नाही; मात्र असल्या मालिकांसाठी अमरावतीस जाणाऱ्या कोणापाशी तरी चिठ्ठी द्यावी लागते, नाहीतर मोबाइलवरून मागवून पार्सलाची वाट पाहावी लागते. त्या चिठ्ठीत काय लिहावे, हे ठरवण्याचे काम माझ्याकडे आले, कारण घरात रिकामा इसम मीच.

वय पाहा, पाने मोजा, कशावर सिनेमा निघाला ते विचारा, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटले. माझा जन्म कचेरीत जमाखर्चाच्या वह्या तपासण्यात गेला म्हणून असेल, माझी कसोटी निराळी आहे. पहिला खंड वाचून झाला की मी एवढेच विचारतो, की या गोष्टीतल्या जादूने काय करता येत नाही? ज्या मालिकेत वाटेल तेव्हा वाटेल ते घडते, अडचण आली की कांडी फिरते आणि लेखकाची सुटका होते, त्या मालिकेविषयी या प्रश्नाला उत्तरच नसते. मूल गोंधळून आपल्याकडे पाहत राहते, आणि दुसरा खंड आणण्याचे कारण उरत नाही. ‘हॅरी पॉटर’ची मालिका इंग्रजीत 1997 ते 2007 या काळात सात भागांत निघाली, तिची मराठी भाषांतरेही झाली, तिचा पहिला भाग संपल्यावर मी हा प्रश्न टाकला, तेव्हा नातीने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, “आबाजी, तो आरसा त्याले मायबाप दाखवते, पण आणून नाही देत.” पुढे सातव्या भागापर्यंत मजल गेल्यावर तिने आपण होऊन पुरवणी जबानी दिली, की त्या जादूने अन्न हवेतून काढता येत नाही, असलेले मात्र वाढवता येते. स्वयंपाकघरातून तिच्या आजीने या कलमाला ताबडतोब संमती दिली.

हे सारे विलायती खूळ आहे, आपल्या मातीत याचे मूळ नाही, अशीही फिर्याद शेजाऱ्यांकडून दाखल होते. तिचा निवाडा गाविलगडावर करावा. इमादशाहीची राजधानी आमच्या अचलपुरास होती तेव्हाचे राजचिन्ह त्या किल्ल्याच्या दिल्ली दरवाजावर अद्याप कोरलेले आहे: दोन तोंडांचा गंडभेरुंड, आणि त्या पक्ष्याच्या तावडीत सापडलेले हत्ती. त्या घराण्याचा संस्थापक फतहुल्ला जन्माने विजयनगरचा. तिकडला हा पक्षी सातपुड्याच्या कड्यावर येऊन बसला याचे कोणास नवल वाटले नाही, मग एखादी चेटकीण साता समुद्रांपलीकडून आली तर एवढा गहजब कशाला?

आमच्या लहानपणी हे खाते ‘चांदोबा’ सांभाळीत असे. 1947 साली मद्रासेत तेलुगू व तमिळ भाषांत सुरू झालेले ते मासिक 1952 पासून मराठीत येऊ लागले; आणि खांद्यावर प्रेत, हाती तलवार घेतलेला, शंकर या चित्रकाराच्या कुंचल्यातून उतरलेला विक्रम राजा दर महिन्यास स्मशानाची वाट चालू लागला. त्या वेताळाची अट काय नामी होती! उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर मस्तकाची शकले, बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर. शहाणपणाचीदेखील किंमत मोजावी लागते, अशी ती जादू होती. मूळच्या पंचवीस कथा संपून गेल्या तरी मासिकाने नव्या रचून तो शिरस्ता चालू ठेवला, आणि महिनाभराच्या मुदतीत एकेका कोड्याचा काथ्याकूट करण्यास आम्हांला अवसर मिळाला.

त्या वेताळकथा ज्यात समाविष्ट आहेत तो ‘कथासरित्सागर’ अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने रचला. परंतु त्याच्या मुळाशी असलेली बृहत्कथा ही आमच्या पैठणच्या दरबाराशी निगडित. आख्यायिका अशी, की सातवाहनाचा पंडित गुणाढ्य याने विंध्यारण्यात बसून, शाई मिळेना म्हणून स्वतःच्या रक्ताने, पैशाची भाषेत सात कथा लिहिल्या, प्रत्येक एकेक लक्ष श्लोकांची. राजाने भाषा हीन आणि अक्षरे रक्ताची म्हणून त्या परत धाडल्या. तेव्हा गुणाढ्याने अग्निकुंड पेटवले, आणि एक पान मोठ्याने वाचावे, मग ते आगीत टाकावे, असा क्रम धरला. हरणे, रानडुकरे, रेडे भोवती येऊन चरणे विसरले आणि डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभे राहिले. राजाच्या मुदपाकखान्यात येणारे मांस कोरडे पडले, राजा आजारी झाला, वैद्यांनी आचाऱ्यांस आणि आचाऱ्यांनी पारध्यांस जाब विचारला, तेव्हा कोठे हा प्रकार दरबारी रुजू झाला. राजा धावत रानात पोहोचला तोवर सहा कथा जळाल्या होत्या, सातवी तेवढी उरली. जेवणाच्या वेळी नात हाकेला ओ देत नाही तेव्हा मी घरच्यांना ही हकिगत ऐकवतो. वाचनापायी उपाशी राहणाऱ्यांत ती पहिली नव्हे.

उरलेल्या विलायती मालिकांपैकी उर्सुला ले ग्विन या बाईंची ‘अर्थसी’ मला सर्वश्रेष्ठ वाटते. तिचा पहिला खंड 1968 सालचा. तेथील मांत्रिकास वस्तूचे खरे नाव कळल्यावाचून तिच्यावर सत्ता चालवता येत नाही, आणि एका बेटावर ओढून आणलेल्या पावसाची तूट दुसऱ्या बेटास भोगावी लागते. हा हिशेब वऱ्हाडातल्या मुलास समजावून सांगावा लागत नाही. अचलपुरावर ढग वळवला तर दर्यापूरच्या खारपाणपट्ट्याचे काय, हे नातीने मलाच विचारले. लुईसच्या ‘नार्निया’चे सात भाग 1950 ते 1956 मधले, नव्या आवृत्त्यांत मागाहून लिहिलेला एक भाग पहिला क्रमांक लावून येतो, पण कपाटातून बर्फात पाऊल पडते तोच आधी द्यावा. टोल्किनचे तीन जाडजूड खंड सध्या तहकूब; त्याचा ‘हॉबिट’ पुरे.

आणि संपूर्ण संच कधीही एकदम घेऊ नये, हा माझा शेवटचा दंडक. दोन खंडांच्या मधल्या दिवसांत मूल पुढचे प्रसंग स्वतः रचते, आणि ते लेखकाच्या प्रसंगांशी जुळले नाहीत की लेखकाशी भांडते. चिठ्ठीत म्हणून मी ‘अर्थसी’चा केवळ पहिला खंड लिहिला होता, परंतु चिरंजीवांनी संच स्वस्त पडतो असे सांगून सगळाच मागवून टाकला. आता तो माझ्या कपाटात कुलूपबंद आहे, आणि किल्ली मी कोठे ठेवतो हे घरात माझ्याखेरीज एकाच व्यक्तीस ठाऊक आहे.